एक्स-रे नॉर्मल होता : खुब्याचा गोळा, त्याचं रक्त आणि आपलं वजन

(हे या भागाचं लेखी रूप. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि दोन ठिकाणचा हॉर्नचा आवाज काढून टाकलाय.)

आज आवाज थोडा वेगळा येत असेल, कारण मी पुण्यातल्या खोलीत नाही. धाडला घरी आलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, धाड म्हणजे बुलडाणा तालुक्यातलं आमचं गाव, जालना जिल्ह्याच्या हद्दीजवळ. मागे मधूनच ट्रॅक्टर ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय कोडिंगचा नाही, एआयचा नाही. खुब्याचा आहे. खुबा म्हणजे जिथं मांडीचं हाड कमरेच्या हाडात बसतं तो सांधा. आणि हा विषय मी का घेतोय ते आधी सांगतो, म्हणजे मी डॉक्टर नसून यावर का बोलतोय हा प्रश्न तिथंच मिटेल.

माझा एक चुलतभाऊ आहे. आम्ही त्याला दादाच म्हणतो. छोटा हत्ती चालवतो, म्हणजे माल चढवणं-उतरवणं, दिवसभर क्लचवर पाय, असं काम. २०२१ च्या मे महिन्यात, दुसऱ्या लाटेत, त्याला कोविड झाला. ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड दिली, वाचला. घरी आला तेव्हा काकूंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला होता, मला अजून आठवतंय. त्या वर्षी दिवाळीला मी आलो तर हा पायऱ्या चढताना कठड्याला धरून चढतोय. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, "काही नाही रे, जांघीत लचकलं असंन. गुडघा बी दुखते."

गुडघ्याचा एक्स-रे काढला. नॉर्मल. पुढे कमरेचा काढला. नॉर्मल. त्यानं दोन्ही एक्स-रे मला व्हॉट्सॲपवर पाठवले. आणि मी, बीटेक झालेला, घरातला शिकलेला माणूस, त्याला काय उत्तर दिलं? "नॉर्मल आहे ना, मग टेन्शन घेऊ नकोस. थोडे दिवस तेल लावून बघ." तो मेसेज आजही माझ्या फोनमध्ये आहे. मी डिलीट केलेला नाही.

आठ महिने गेले. पेनकिलर, इंजेक्शन, मालिश. गाडी चालूच होती, कारण हप्ता चालू होता. २०२२ च्या जुलैत छत्रपती संभाजीनगरला एमआरआय झाला. दोन्ही खुब्यांच्या गोळ्यांचा रक्तपुरवठा गेलेला होता. उजवा गोळा खचला होता. डावा अजून गोल होता. या आजाराचं नाव अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, सगळे एव्हीएन म्हणतात. सरळ मराठीत, रक्ताविना मेलेलं हाड.

एकाच माणसाचे दोन खुबे. तेच स्टेरॉइड, तोच कोविड, तेच रक्त. एक गोळा खचला, एक राहिला. माझ्या डोक्यात तेव्हापासून हेच घोळत होतं, आणि वाचत वाचत जे कळलं ते आज सांगतो. चुकलो तर डॉक्टर श्रोत्यांनी कान धरावा.

आधी सांध्याची रचना. शाळेच्या विज्ञानात उखळीचा सांधा शिकलोय आपण. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोळा, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. गोळा आणि बाकी हाड यांना जोडणारा जो तिरका भाग आहे त्याला मान म्हणतात. आता गंमत अशी की या गोळ्यावर जवळजवळ सगळीकडून गुळगुळीत कूर्चा चढलेली असते, आणि कूर्चेतून रक्तवाहिन्या जात नाहीत. म्हणजे गोळ्यात रक्त शिरायला वाट उरते ती मुख्यतः मानेकडून. मांडीच्या मोठ्या धमनीला फुटणारी एक फांदी मानेच्या मागून वळसा घेते, मग तिच्या बारीक बारीक शाखा मानेच्या पृष्ठभागाला चिकटून वर चढतात आणि गोळ्यात शिरतात. वाटीच्या तळातून गोळ्याला जोडलेली एक दोरी असते, लिगामेंट, त्यातूनही एक बारकी वाहिनी येते, पण मोठ्या माणसात तिच्यावर गोळा जगत नाही.

आमच्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. शेतीच्या भाषेत, सगळ्या वाफ्याला एकच लॅटरल, आणि ती लॅटरल नेमकी गाडीवाटेवरून टाकलेली.

आणि या गाडीवाटेवरून किती वजन जातं? इथं जरा थांबू, कारण मला स्वतःला हे गणित करेपर्यंत पटलं नव्हतं.

समजा तुमचं वजन ६० किलो. दोन पायांवर उभे आहात तर प्रत्येक खुब्यावर थोडं थोडं, काही विशेष नाही. पण चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एका पायावर असतो. समजा उजव्या. तेव्हा उजव्या खुब्यावर उजवा पाय सोडून बाकीचं अंग येतं, साधारण ५० किलो. पण हे वजन बरोबर गोळ्याच्या वर नाही. ते अंगाच्या मध्यावर आहे, गोळ्यापासून समजा १० सेंटिमीटर आत. म्हणजे कंबर डाव्या बाजूला कलंडायला पाहिजे. ती का कलंडत नाही? कारण खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू तिला खाली खेचून धरतात. आता सी-सॉ डोळ्यांसमोर आणा. मधला टेकू म्हणजे गोळा. आतल्या बाजूला १० सेंटिमीटरवर ५० किलो. बाहेरच्या बाजूला स्नायू, पण त्यांना अंतर मिळतं जेमतेम ५ सेंटिमीटर. अंतर अर्धं म्हणजे जोर दुप्पट. स्नायू १०० किलोनं ओढतात. आणि टेकूवर दोन्ही बाजूंचं येतं. ५० आणि १००, झाले १५०.

६० किलोचा माणूस, आणि पावलागणिक १५० किलो त्या गोळ्यावर. अडीच पट. सी-सॉचं हे गणित कच्चं आहे, अंतरं मी गोल आकड्यांत धरलीत. पण बर्लिनमध्ये गेऑर्ग बर्गमान यांच्या गटानं कृत्रिम खुब्यातच सेन्सर बसवून प्रत्यक्ष मोजलं. त्यांच्या २००१ च्या निबंधात साध्या चालण्यात सरासरी वजनाच्या २.४ पट भार आला, जिना चढताना-उतरताना त्याहून थोडा जास्त. आणि त्याच्या आधीच्या कामात, रुग्ण चुकून अडखळला त्या क्षणी, सात पटींच्या वर. नुसतं अडखळला, पडला नाही. स्वतःला सावरायला स्नायू एवढे जोरात आवळले गेले.

दिवसाला ५,००० पावलं धरली तर एका खुब्याच्या वाट्याला २,५००. हे हाड रोज हे सोसतं आणि आपल्याला कळतही नाही. का? कारण ते जिवंत आहे. बारीक बारीक चिरा पडतात, त्या भरल्या जातात, जुनं हाड उकरून नवं टाकलं जातं. रस्त्याच्या डागडुजीसारखं, फक्त इथलं कंत्राट नीट चालतं. आणि ही डागडुजी रक्तावर चालते.

आता जोर आणि रक्त यांची गाठ कुठं कुठं पडते ते बघू.

पहिली गाठ सरळ आहे. अपघात. मानेचं हाड मोडलं तर मानेला चिकटून चढणाऱ्या वाहिन्या त्यासोबत तुटतात किंवा पिळल्या जातात. गोळा वाटीतून निसटला तर त्या ताणल्या जातात. गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या माणसाचा गुडघा डॅशबोर्डवर आपटतो आणि गोळा मागे निसटतो, हा नेहमीचा प्रकार. अशा वेळी घड्याळ चालू असतं. निसटलेला गोळा लवकर, शक्यतो सहा तासांच्या आत जागेवर बसवला तर रक्तपुरवठा वाचायची शक्यता जास्त. आमच्याकडे रात्री मोटारसायकलचा अपघात झाला की चार जण जमतात आणि त्यातला एक म्हणतो, "पाय ओढा, बसंन." नका ओढू. मान मोडलीय का गोळा निसटलाय हे बघून कळत नाही, आणि ओढण्यानं उरलीसुरली वाहिनीही जाऊ शकते. पाय आहे तसा टेकवा, १०८ ला फोन करा. आणि जाताना वाटेत हाडवैद लागतो तिथं थांबू नका. मला त्यांच्याबद्दल राग नाही, लचकलेल्या मनगटाला त्यांचा हात मी घेतलाय, पण खुबा ही त्यांची गोष्ट नाही.

जोरानं रक्त गेल्याचं जगात सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या बो जॅक्सनचं. हा माणूस व्यावसायिक बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल दोन्ही खेळायचा. १३ जानेवारी १९९१ ला सामन्यात धावताना एकानं त्याला मागून पकडून पाडलं. व्हिडिओ बघितला तर वाटतं, एवढंच? कबड्डीत याहून जोरात पाडतात. पण खुब्याला मार बसला, रक्तपुरवठा गेला, गोळा मेला आणि वयाच्या तिशीच्या आत त्याला खुबा बदलावा लागला. फुटबॉल कायमचं सुटलं. बेसबॉलमध्ये मात्र १९९३ साली तो कृत्रिम खुबा घेऊन परत उतरला, हेही खरं.

दुसरी गाठ जरा लपलेली. काही तुटलेलं नसतं, नुसता दाब वाढतो. गोळ्याचं हाड म्हणजे बंद डबा. आतली जागा वाढू शकत नाही. आत चरबीच्या पेशी असतात, त्या फुगल्या तर जागा कोण सोडणार? सगळ्यात मऊ भिंत ज्याची तो. म्हणजे अशुद्ध रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक शिरा. त्या दाबल्या गेल्या की रक्त आत येतं पण बाहेर जात नाही, नाला तुंबतो, आतला दाब आणखी वाढतो, मग येणारं रक्तही अडतं. स्टेरॉइड जास्त झाली किंवा वर्षानुवर्षं दारू चालू असली की जे होतं त्यात हा एक मोठा धागा मानतात. त्याशिवाय वाहिनीतच गुठळी किंवा चरबीचा कण अडकणं हेही असतं. सिकलसेलमध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. विदर्भातल्या आदिवासी भागात, सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल आहे, आणि तिथल्या तरुण पोराला जांघेत दुखायला लागलं तर ही शंका पहिली घ्यायला हवी.

लहान मुलांचं एक सांगून पुढे जातो. जन्मतः खुबा सैल असलेल्या बाळाला कधी पाय फाकवून पट्ट्यात किंवा प्लास्टरमध्ये ठेवतात. ते बरोबरच आहे, पण पाय प्रमाणाबाहेर फाकवले तर वाहिनी दाबली जाऊन गोळ्याचं रक्त अडू शकतं, म्हणून हाडाचे डॉक्टर तो कोन फार जपतात. आपल्या आज्या बाळाला कडेवर घेतात तो कोन छान आहे, खुब्याला मानवणारा. उलट दुपट्यात पाय सरळ ताणून घट्ट आवळून बांधणं खुब्याला चांगलं नाही. आणि चार ते आठ वर्षांचं पोर, बहुधा मुलगा, लंगडतंय आणि गुडघा दुखतो म्हणतंय, तर खुबाही तपासून घ्या. पर्थिस नावाचा आजार असाच सुरू होतो. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं, कारण दोन्हीकडे जाणारी नस एकच आहे. दादाचा आधी गुडघ्याचा एक्स-रे निघाला तो यामुळेच.

आता कोविडकडे येतो. हा भाग अनेकांच्या घरातला आहे.

जुलै २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. संजय अगरवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीएमजे केस रिपोर्ट्स या नियतकालिकात तीन रुग्णांची नोंद छापली. तिघांना कोविड होऊन गेला होता, उपचारात स्टेरॉइड मिळाली होती, आणि नंतर खुब्याचं एव्हीएन झालं. दोन आकडे बघण्यासारखे आहेत. एक, या रुग्णांना मिळालेलं स्टेरॉइड सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं होतं, कमीत कमी ४००. तोवरच्या वैद्यकीय लिखाणात एव्हीएनशी जोडलेला सरासरी एकूण डोस साधारण २,००० धरला जायचा. दोन, स्टेरॉइडनंतर एव्हीएन दिसायला एरवी सहा महिने ते वर्ष लागतं असं समजलं जायचं. इथं कोविडचं निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांत त्रास सुरू झाला.

तीन रुग्णांवरून टक्केवारी निघत नाही, आणि त्यांनीही ती काढली नव्हती. पण घंटा वाजवली, हे महत्त्वाचं. २००३ च्या सार्सच्या साथीनंतर चीन आणि हाँगकाँगमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत हेच दिसलं होतं, त्यामुळे घंटा अगदीच अनोळखी नव्हती.

इथं कुणी म्हणेल, मग स्टेरॉइड दिलीच का? द्यायलाच हवी होती. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून कळलं की ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांत डेक्सामेथासोननं मृत्यू कमी होतात, व्हेंटिलेटरवरच्यांत तर साधारण एक तृतीयांशानं. माझा दादा आज बोलतोय त्यात त्या औषधाचा वाटा आहे. राग धरायचा तर तो आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या स्टेरॉइडवर धरा. दम्याला, खाजेला, सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत, वजन वाढवायच्या गोळ्यांत. ज्या पुडीनं दोन दिवसांत जादू होते तिच्यात काय आहे ते विचारा. आणि कुणाची स्टेरॉइड डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालू असतील तर हे ऐकून एकदम बंद करू नका, ते वेगळंच संकट आहे. कमी करायची तर डॉक्टर करतील.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. एक गोळा खचला, एक राहिला.

मला वाटायचं की रक्त गेलं, हाड मेलं, म्हणजे लगेच मोडलं. तसं नाही. शेताच्या बांधावरचं वाळलेलं बाभळीचं झाड बघा. मेलंय, पण उभं आहे. बैल बांधला तरी हलत नाही. हाडाचंही तसंच. पेशी मेल्या तरी खनिजाचा सांगाडा तोच राहतो, महिनोन् महिने १५० किलो सोसत राहतो. म्हणून सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल येतो. एक्स-रे खनिज बघतो, जीव बघत नाही. एमआरआय आतली मज्जा बघतो, म्हणून त्यात आधी कळतं. आमच्या कामात असं होतं कधी कधी, डॅशबोर्ड हिरवा असतो आणि आत डेटाबेस मेलेला असतो. तेव्हा चूक डॅशबोर्डची नसते, आपण भलताच आकडा बघत बसलेलो असतो.

मग खचतं कधी? बरं व्हायला लागल्यावर. हे वाचून मी खरंच खुर्चीतून उठलो होतो. शरीर कडेकडेनं नव्या वाहिन्या पाठवतं आणि मेलेलं हाड साफ करायला घेतं. उकरणाऱ्या पेशी भराभर काम करतात, भरणाऱ्या हळू. त्यामुळे मधले काही महिने असे येतात की जुनं काढलंय आणि नवं अजून आलेलं नाही. भिंत पाडली, टेकू लावलेला नाही. नेमक्या त्या वेळी वरून पावलागणिक अडीच पट वजन चालू असतं. कूर्चेच्या खालचा थर तडकतो. एक्स-रेमध्ये ती तड चंद्रकोरीसारखी दिसते, डॉक्टर तिला तेच नाव देतात. एकदा चंद्रकोर दिसली की बहुधा गोळा चपटा होण्याच्या वाटेला लागतो, मग वाटीही झिजते.

म्हणजे रक्त जाणं ही एक घटना आणि गोळा खचणं ही दुसरी. दोन्हींच्या मध्ये वेळ असतो. दादाच्या बाबतीत तो वेळ माझ्या मेसेजमध्ये आणि तेलाच्या बाटलीत गेला. त्याचा उजवा पाय ब्रेक-ॲक्सिलरेटरचा, उतरताना पहिला खाली पडणारा, पोत्यासकट. त्यामुळे उजवा खचला असं मी ठणकावून म्हणणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं की उजव्यात मेलेला भाग मुळातच मोठा होता आणि वजन येतं त्याच जागी होता, डाव्यात लहान होता. भाग केवढा आणि कुठं यावर फार काही ठरतं. पण खचायच्या आधी कळलं असतं तर उजव्यासाठीही हातात काही पर्याय असते, हे त्यांनीच सांगितलं.

पर्याय कोणते? डाव्याला बोअर मारला. हो, बोअरच. कोअर डीकम्प्रेशन म्हणतात, मांडीच्या बाजूनं हाडात छिद्र पाडत मेलेल्या भागापर्यंत जायचं. तुंबलेल्या डब्याला भोक, म्हणजे दाब उतरतो आणि नव्या वाहिन्यांना वाट मिळते. गोळा गोल असेपर्यंतच याचा खरा उपयोग. दुसरं, औषध. वर ज्यांचं नाव घेतलं त्या डॉ. अगरवालांनी हाड उकरणाऱ्या पेशींना आवर घालणाऱ्या ॲलेंड्रोनेटवर मुंबईत बरीच वर्षं काम केलं, २००९ मध्ये त्यांनी ३९५ खुब्यांचे निकाल छापले आणि ते उत्साह वाढवणारे होते. विचार साफ आहे, पाडकाम हळू करा म्हणजे बांधकाम गाठेल. पण २०१२ मध्ये तैवानमधल्या चाचणीत, जिथं निम्म्या रुग्णांना खोटी गोळी दिली होती, दोन गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. त्यामुळे डॉक्टरांमध्ये यावर दोन मतं आहेत, आणि कुणी मेडिकलमधून स्वतः आणून खाऊ नये.

तिसरं, भार कमी करणं. नुसती काठी धरून खचणं थांबतंच असं कुणी छातीठोक सांगत नाही, पण दुखणं कमी होतं आणि गणित बघा किती सुंदर आहे.

उजवा खुबा दुखतोय. काठी कोणत्या हातात? आमच्या गल्लीत दहा जणांना विचारलं तर आठ जण म्हणतील उजव्या. चूक. डाव्या. परत सी-सॉ. टेकू उजवा गोळा, आतल्या बाजूला १० सेंटिमीटरवर ५० किलो. डाव्या हातातली काठी गोळ्यापासून समजा ४० सेंटिमीटर लांब टेकते आणि तुम्ही तिच्यावर फक्त ५ किलो जोर देता. ५ गुणिले ४०, दोनशे. आधी स्नायूंना पाचशेचा तोल सांभाळायचा होता, आता तीनशेचा. म्हणजे १०० ऐवजी ६० किलोनं ओढलं की झालं. गोळ्यावर १५० च्या जागी १०५. पाच किलोच्या टेकूनं पंचेचाळीस किलो उतरले. पहारीनं दगड उचलतो तोच प्रकार, दांडा लांब असला की जोर कमी लागतो. उजव्या हातात काठी धरली तर हा लांब दांडा मिळतच नाही.

बादलीचं उलटं. उजवा खुबा दुखत असेल तर १० किलोची बादली डाव्या हातात घेतली की याच हिशेबानं गोळ्यावर ९० किलो वाढतात. उजव्या हातात घेतली तर उलट ३० किलो कमी होतात, कारण ती बादली बाहेरच्या स्नायूंना मदत करते. करून बघा, कागद घ्या, बाहेरच्या बाजूचं अंतर २० सेंटिमीटर धरा. मी हे दादाला सांगितलं तर म्हणाला, "म्हंजे दुखऱ्या बाजूनंच वझं घ्यायचं? लोक येडा म्हन्तीन." मी म्हटलं, म्हणू दे. अर्थात सगळ्यात बरं म्हणजे बादलीच दुसऱ्याला द्यावी.

उजवा खुबा शेवटी बदलला. चालतो व्यवस्थित. पण उकिडवं बसणं बंद, मांडी घालून बसणं बंद, पंगतीत त्याला खुर्ची लागते. सुरुवातीला त्याचा त्याला फार संकोच वाटायचा, वहिनी मुद्दाम शेजारी दुसरी खुर्ची टाकून बसायच्या. खर्चाचं विचाराल तर महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया कुठल्या रुग्णालयात बसते हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. आम्ही नंतर विचारलं, तोवर उसनवारी झाली होती.

कुणाला जांघेत खोल दुखत असेल, पाय आत वळवताना किंवा बूट घालताना कळ येत असेल, दोन-तीन आठवड्यांत उतरत नसेल, आणि मागे कधी स्टेरॉइड, नियमित दारू, सिकलसेल किंवा खुब्याला मार यातलं काही असेल, तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा. ते घाईत असतात, विचारतीलच असं नाही. "मला कोविडमध्ये स्टेरॉइड मिळाली होती, एव्हीएन असू शकतं का, खुब्यांचा एमआरआय करायचा का?" एवढं वाक्य पुरे. आणि एका बाजूला निघालं तर दुसरी बाजूही बघायला सांगा. दादाचा डावा असाच सापडला, त्या बाजूला तेव्हा काहीच दुखत नव्हतं.

त्या बोअरला आता तीन वर्षं होऊन गेली. मागच्या एमआरआयमध्ये डावा गोळा गोल होता. मेलेला भाग अजून दिसतोय, पण खचलेला नाही. त्यानं छोटा हत्ती विकला नाही, फक्त हमाल ठेवलाय, आणि काठी डिकीत असते. मी आलो की मला दाखवायला म्हणून डाव्या हाताऐवजी मुद्दाम उजव्या हातात धरून दोन पावलं चालतो, आणि हसतो.

बघा, ट्रॅक्टर आलाच परत. थांबतो इथं. तुमच्या घरात असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव न घेता पुढच्या भागात वाजवू.